एकाच मैदानावर लागोपाठ दोन स्पर्धा, मग दहा फटक्यांचा फरक आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी खारघरच्या गोल्फ कोर्सवर रविवारी सकाळी खेळतो. 2020 सालच्या वर्कडे चॅरिटी ओपनबद्दल वाचलं. ही व्यावसायिक स्पर्धा एकदाच झाली आणि तिचा विजेता 19 अंडर होता (पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, 19 कमी). पुढच्याच आठवड्यात त्याच मैदानावर मेमोरियल झाली, तिथे विजेता 9 अंडर. मैदान तेच, खेळाडूही बरेचसे तेच. दहा फटक्यांचा फरक निव्वळ गवत कापण्याने पडतो का? आणि उद्या कुणी आपल्या नवी मुंबईत अशी एकदाच स्पर्धा भरवायची म्हटली, तर कोर्सवर काय काय करावं लागेल?"

पडतो. पण कापणं हा त्यातला एक भाग. पाणी किती दिलं, रोलर किती वेळा फिरवला, होल कुठे कापला, रफला (कडेच्या उंच गवताला) किती दिवस हात लावला नाही, हे सगळं मिळून आम्ही सेटअप म्हणतो. मुंबई-पुण्याच्या कोर्सवर मी हेच काम करत आलो आहे. राहायला बेलापूरला असल्याने खारघरचा कोर्सही डोळ्यांखालून जात असतो. तेव्हा दोन्ही प्रश्नांना जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी त्या आकड्याचं बघू. दहा फटके ऐकायला फार वाटतात, पण स्पर्धा चार दिवसांची, 72 होलची असते. म्हणजे दिवसाला अडीच फटके. अठरा होलमध्ये एक सहा फुटी पट (होलकडे घरंगळवलेला फटका) कडेला लागून बाहेर गेला आणि एक चेंडू रफमध्ये खोल बसल्यामुळे ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठता आलं नाही, की झाले दोन. उरलेला अर्धा फटका वाऱ्याच्या खात्यात टाका. शिवाय विजेता एकटाच असतो, त्याच्या स्कोअरवरून सगळ्या मैदानाचं माप काढता येत नाही. एखादा खेळाडू त्या आठवड्यात भन्नाट लागला की आकडा खाली जातो. हे धरूनही दोन आठवड्यांतला फरक खरा होता, आणि तो ठरवून केलेला होता.

त्या वर्षी करोनामुळे पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) मार्चमध्ये थांबली आणि जूनमध्ये प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. इलिनॉयमधली जॉन डिअर क्लासिक रद्द झाली आणि जुलैतला एक आठवडा मोकळा पडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी, मुइरफिल्ड व्हिलेजवर मेमोरियल ठरलेलीच होती. मग तिथेच दोन्ही घ्यायच्या ठरल्या. वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीने पैसा दिला, नावात चॅरिटी आली आणि 9 ते 12 जुलैला स्पर्धा पार पडली. लागोपाठ दोन आठवडे एकाच मैदानावर पीजीए टूरची स्पर्धा होण्याची ती 1957 नंतरची पहिलीच वेळ.

खेळ फार रंगला. जस्टिन थॉमस तीन होल राहिले असताना तीन फटक्यांनी पुढे होता. त्याने 16 आणि 18 वर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) केल्या आणि कॉलिन मोरिकावा 269 वर बरोबरीत आला. प्लेऑफच्या पहिल्या होलवर थॉमसने साधारण पन्नास फुटांवरून पट घातला. तिथेच संपलं असं वाटलं, तर मोरिकावाने चोवीस फुटांवरून उत्तर दिलं. तिसऱ्या होलवर थॉमसचा चेंडू झाडामागे अडकला आणि मोरिकावा साध्या पारने जिंकला. ते दोन लांब पट खेळाडूंच्या हातातली करामत आहे यात वाद नाही. पण पन्नास फुटांवरून चेंडू होलकडे निर्धास्तपणे मारता येतो, कारण चुकला तर तो कुठे जाऊन थांबेल याची खेळाडूला खात्री असते. ती खात्री ग्रीनच्या वेगावर अवलंबून असते.

आता वेगाबद्दल. आमच्याकडे तो मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन हौशी खेळाडूने 1935 मध्ये यूएस ओपन बघताना ओकमाँट या मैदानाच्या ग्रीनवरून एक पट घरंगळत थेट बंकरमध्ये (रेतीच्या खड्ड्यात) गेलेला पाहिला आणि ही कल्पना काढली. त्याने लाकडी पट्टी केली होती. आजची ॲल्युमिनियमची असते, तीन फूट लांब, मधोमध पन्हळ असलेली. एका टोकाकडच्या खाचेत चेंडू ठेवायचा आणि पट्टीचं ते टोक हळूहळू उचलत जायचं. साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो, म्हणजे कुणाच्याही हातात दिली तरी चेंडूचा वेग तोच राहतो. सपाट जागा निवडून तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडायचे आणि सरासरी फूट मोजायचे. अकरा फूट गेला तर ग्रीन अकराचं.

वर्कडेला ग्रीन्स अकराच्या आसपास ठेवली होती, मेमोरियलला तेराच्या. दोन फुटांत काय एवढं, असं कुणालाही वाटेल. सपाट जागी खरंच फार काही नाही. पण ग्रीन सपाट नसतं. तीन टक्के उतार घ्या, म्हणजे मीटरला तीन सेंटिमीटर. उभ्या माणसाच्या डोळ्याला तो धड दिसतही नाही. सपाट जागी अकरा फूट जाणारा चेंडू या उतारावरून खाली सोडला तर ढोबळ हिशेबाने 19 फूट जातो. तेराच्या ग्रीनवर तोच चेंडू 25 फुटांच्या पुढे जातो. दोन फुटांचा फरक उतारावर सहा-सात फुटांचा झाला. आता होलच्या वरच्या अंगाने पट करायची वेळ आली की खेळाडू चेंडू होलमध्ये घालायचा विचार सोडून तो नुसता जवळ थांबवायचा विचार करतो. बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारणारा हात पार वाचवायला लागतो. रोजचे अडीच फटके बरेचसे इथूनच येतात.

वेग वाढला की दुसरी अडचण होलच्या जागांची. होल ग्रीनच्या काठापासून काही पावलं आत लागतो आणि त्याच्याभोवतीचा दोन-तीन फुटांचा भाग जवळजवळ सपाट, एकसारखा लागतो. ग्रीन अकराचं असताना जी जागा चालते, ती तेराला चालत नाही, कारण तिथे चेंडू थांबतच नाही. त्यात दोन स्पर्धा म्हणजे प्रत्येक ग्रीनवर आठ दिवसांच्या आठ जागा, वर सरावाचे दिवस वेगळे. प्रत्येक जागेभोवती शेकडो पावलं पडतात आणि ते गवत आठवडाभर दबलेलं राहतं. म्हणून पहिल्या आठवड्यात कुठल्या जागा वापरायच्या आणि कुठल्या दुसऱ्यासाठी राखायच्या, हे आधीच कागदावर मांडावं लागतं. मेमोरियलच्या जागा ठरवूनच वर्कडेच्या जागा उरतात. यजमान स्पर्धा जुनी, 1976 पासूनची, आणि मैदान दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉसने स्वतः वसवलेलं. पाहुण्या स्पर्धेसाठी तिच्या राखीव जागा कुणी खर्च करणार नव्हतं.

रफची गोष्ट सोपी आहे. पहिल्या आठवड्यात तो त्यामानाने आटोक्यात होता, मग वाढू दिला. जुलैच्या उन्हात आठवडाभर न कापलेलं गवत उंच होतंच, शिवाय त्याच्या दाटीमुळे चेंडू खाली न बसता कधी कधी पात्यांवर तरंगत राहतो. याचा फटका खुद्द विजेत्याला बसला. मेमोरियलच्या शेवटच्या दिवशी जॉन राहमने 16 व्या होलवर ग्रीनमागच्या गवतातून चिप (उचलून मारलेला छोटा फटका) थेट होलमध्ये घातली. बर्डी. नंतर चित्रणात दिसलं की त्याने चेंडूमागे क्लब (खेळायची काठी) टेकवला तेव्हा चेंडू किंचित सरकला होता. दोन फटक्यांचा दंड लागला आणि दोनाचे चार झाले. तरी तो तीन फटक्यांनी जिंकला आणि जागतिक क्रमवारीत पहिला आला. नियमाच्या अंगाने या प्रसंगाची खूप चर्चा झाली. मला त्यात गवत दिसतं. बारीक कापलेल्या कडेवर चेंडू असा हलत नाही.

हवेचा भागही मोठा. मेमोरियलच्या शनिवार-रविवारी मैदान कोरडं आणि कडक झालं होतं, वाराही होता. कोरड्या ग्रीनवर उंचावरून आलेला चेंडूसुद्धा पडल्यावर पुढे पळतो. पण हवा कोरडी असली तरी पाणी देणं आपल्या हातात असतं. ग्रीन कडक होऊ द्यायचं की नाही हा निर्णय रोज पहाटे ओलाव्याचं मीटर हातात घेऊन कुणीतरी घेत असतो.

मग पहिल्या आठवड्यातच सगळं तेरावर का नेलं नाही? कारण गवत फार दिवस ताणता येत नाही. अडीच-तीन मिलिमीटरवर कापलेलं, रोज दोनदा मोअर (गवत कापायचं यंत्र) आणि वर रोलर सोसणारं, पाणी तोडलेलं पातं काही दिवसच टिकतं. त्याला अन्न तयार करायला पानच उरलेलं नसतं, मुळातली शिल्लक खाऊन ते जगतं. वानखेडेचा क्युरेटर पाच दिवसांच्या कसोटीची खेळपट्टी पहिल्या सकाळीच संपवून टाकत नाही, तसंच हे. मुइरफिल्डच्या माणसांना दोन आठवड्यांच्या शेवटच्या रविवारी गवत जिवंत आणि वेगवान हवं होतं. त्यामुळे पहिला आठवडा मवाळ असणं भागच होतं.

शेवटचा रविवार मात्र वेगळा होता. स्पर्धा संपल्यावर निकलॉसला ग्रीन्स उकरून नव्याने बांधायची होती. कामाची घाई इतकी होती की मेमोरियलचा शेवटचा गट पुढे सरकला तसतशी मागच्या ग्रीन्सवर यंत्रं चढली. टीव्हीवर खेळ चालू, आणि मागे खोदकाम. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते दृश्य विसरता येत नाही. त्या ग्रीन्सना सोमवारच नव्हता. पुढच्या महिन्यात त्यांच्यावर कुणी खेळणार नव्हतं, ती सावरतात की नाही याची चिंता नव्हती. म्हणून त्यांना शेवटच्या टोकापर्यंत ताणता आलं. 9 अंडर या आकड्यामागे ही मोकळीकही आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. कारण खारघरच्या ग्रीनला सोमवार असतो.

खारघरचा कोर्स सिडकोने डोंगराच्या पायथ्याशी वसवला. तिथे पैसे भरून कुणालाही खेळता येतं आणि मला त्या कोर्सची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. मुंबई परिसरातले जुने कोर्स बहुतेक क्लबांचे, सभासदांचे. इथे नेरूळचा शाळकरी मुलगा आणि पनवेलचा निवृत्त बँक मॅनेजर एकाच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारतात. एकदाच होणारी स्पर्धा अशा जागी आणायची तर पहिला विचार त्या दोघांचा व्हायला हवा. स्पर्धा चार दिवसांत निघून जाते. हे दोघे पाचव्या दिवशी त्याच ग्रीनवर उभे असतात.

गवतापासून सुरुवात करतो. ओहायोतलं बेंटग्रास थंड हवेचं. आपल्या कोकणपट्टीत ते एक उन्हाळा काढत नाही. आपलं गवत म्हणजे हरळीच्या कुळातलं बर्म्युडा, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं सख्खं भावंड. चिवट, उन्हाचं भुकेलं, जखम झाली तर झपाट्याने भरून काढणारं. पण त्याला आडवं पसरायची खोड असते. पाती एका अंगाला झुकतात आणि चेंडूला त्या बाजूला ओढतात. याला आम्ही ग्रेन म्हणतो. बेंटग्रासच्या ग्रीनचा अकरा आणि बर्म्युडाच्या ग्रीनचा अकरा हे मापाला सारखे असले तरी खेळायला सारखे नसतात. तेव्हा टीव्हीवरचा आकडा उचलून इथे लावायचा नाही.

तारीख ठरवणं हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो बहुतेक वेळा प्रायोजकाच्या सोयीने घेतला जातो. गवताच्या सोयीने घ्यायचा तर असा: जून ते सप्टेंबर विसरा. नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. खारघरला तर डोंगरावरचं पाणीही खाली येतं. आभाळ भरलेलं राहिलं की बर्म्युडा उंच आणि लुसलुशीत होतं, सावलीतल्या ग्रीनवर शेवाळ धरतं, बुरशी लागते. या काळात निचरा सांभाळायचा, ग्रीनवर सावली पाडणाऱ्या फांद्या काढायच्या, लव्हाळा हाताने उपटायचा आणि थांबायचं.

काम सुरू होतं ऑक्टोबरमध्ये. माणसांना नकोसा होणारा ऑक्टोबर हिट बर्म्युडाला मानवतो: लख्ख ऊन, उबदार रात्री, जमिनीत ओल. पाऊस थांबल्याची खात्री झाली की पोकळ सुळ्यांनी ग्रीनला भोकं पाडायची, निघालेल्या गुंडाळ्या झाडून काढायच्या आणि धुतलेली बारीक रेती त्यात भरायची. बघणाऱ्याला ग्रीनची वाट लावली असंच वाटतं. खेळाडू तक्रारी करतात, त्या ऐकून घ्यायच्या. तीन-चार आठवड्यांत ते सगळं भरून येतं आणि खालची माती श्वास घेऊ लागते. हे काम टाळून स्पर्धा घेतलेली मी पाहिली आहे. ग्रीनवर पाणी साचतं, मुळं वरच्या वर राहतात आणि ताण पडला की गवत बसतं.

नोव्हेंबरात उभी पाती असलेलं यंत्र हलकं फिरवून आडवं पसरलेलं गवत कापायचं, दर आठ-दहा दिवसांनी रेतीचा पातळ थर द्यायचा, आणि कापायची उंची पाव-पाव मिलिमीटरने उतरवत न्यायची. एकदम उतरवली की पांढरं खोड उघडं पडतं. मोअरचं रीळ (फिरती पाती) धारदार आहे की नाही, हे वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पात्यात धरून, रीळ हाताने फिरवून बघायचं. कागद कात्रीने कापल्यासारखा तुटला तर ठीक. दुमडला किंवा फाटला तर ते मोअर ग्रीनवर नेऊ नका, कारण ते गवतही तसंच फाडणार आणि दुपारपर्यंत टोकं पिवळी पडणार.

स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत घ्यावी, असं माझं मत आहे. बरेच जण जानेवारी म्हणतात, कारण हवा छान असते. हवा माणसांना छान असते. जानेवारीत रात्री गार होतात, बर्म्युडाची वाढ मंदावते. वेगासाठी ते चांगलंच, कारण सकाळी कापलेलं ग्रीन संध्याकाळपर्यंत वाढत नाही. पण त्याच कारणाने झालेली झीजही भरून निघत नाही, आणि चार दिवसांच्या जखमा फेब्रुवारीपर्यंत दिसत राहतात. डिसेंबरच्या सुरुवातीला वेगही मिळतो आणि सावरायला थोडी ऊबही शिल्लक असते.

वेगाचा आकडा साडेनऊ ते दहा. त्यापुढे जायचं नाही. मुंबईजवळच्या एका कोर्सवर (नाव घेत नाही) आयोजकांना टीव्हीसाठी बाराचा वेग हवा होता. शेवटच्या दहा दिवसांत उंची घाईने उतरवली, पाणी तोडलं. गुरुवारी ग्रीन्स देखणी होती, बाराही मिळाला. शनिवारी दुपारी वरच्या कडा निळसर राखाडी दिसायला लागल्या. पाणी मागणाऱ्या गवताचा तो रंग आहे, चालून गेलं की पावलाचा ठसा उठून राहतो. तरी रविवार संपेपर्यंत पाणी दिलं नाही. मला बोलावलं ते त्यानंतर. पुढे पावसाळा लागेपर्यंत तिथले नेहमीचे खेळाडू रेतीने भरलेल्या खपल्यांवरून पट करत होते आणि बोलणी खात होते माळी, ज्यांना त्या निर्णयात कुणी विचारलंही नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

माळ्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण स्पर्धा त्यांच्या हातावर चालते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पहिला गट तेव्हाच निघायचा असतो. म्हणजे साडेचारपासून डोक्याला दिवे लावून काम. आधी दव काढायचं, लांब लवचीक काठी किंवा दोरी फिरवून. दव असताना मोअर चालवला तर कापलेलं गवत गोळे होऊन चिकटतं. मग कापणी, रोलर, बंकरची रेती ओढणं, आणि होल.

होल कापणारा माणूस स्पर्धेपुरता एकच ठेवा, चारही दिवस तोच. नवा होल म्हणजे 108 मिलिमीटर व्यासाचा मातीचा दंडगोल अखंड वर काढायचा. कटर जरा तिरका गेला तर होलची एक कड वर राहते आणि चेंडू तिथून वळतो. कप (होलच्या आतली नळी) जमिनीखाली किमान इंचभर बसवायचा. काढलेला दंडगोल जुन्या होलमध्ये घालायचा, आणि इथे खरी कसोटी. तो दोन मिलिमीटर वर राहिला तर दुसऱ्या दिवशी मोअर त्याचं टाळकं सोलतो आणि ग्रीनवर तपकिरी चकती उमटते. खाली गेला तर पट तिथे अडखळतो. चांगला माळी तो बसवतो, तळव्याने दाबतो, पुन्हा उचलून खाली चिमूटभर रेती घालतो, परत दाबतो, मग ग्रीनला जवळजवळ गाल लावून आडव्या नजरेने बघतो. कडेच्या फटीत बाटलीने पाणी सोडतो, म्हणजे मुळं हवेला उघडी राहत नाहीत. मुइरफिल्डला असो की खारघरला, या कामाला यंत्र नाही.

खेळाडूंच्या वेळांचं गणित फार अवघड नाही. एकशे वीस खेळाडू, तिघातिघांचे चाळीस गट, दोन टीवरून सुरुवात केली तर शेवटचा गटही निघाल्यापासून पाच तासांत परततो. सहाच्या आत सगळे आत. अंधारामुळे अडत नाही. अडतं पार्किंग, प्रेक्षकांची पावलं आणि फेअरवेवरच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावरच्या) गाड्या. प्रेक्षकांना दोरीबाहेर ठेवा, टीव्हीच्या आणि खाण्यापिण्याच्या गाड्या आधीच आखलेल्या पक्क्या रस्त्यावर. ओल्या मुरमावरून गेलेल्या टेम्पोचा चर वर्षभर दिसतो.

पैशाबद्दल एवढंच सांगतो. वर्कडे चॅरिटी ओपन पुन्हा झाली नाही, पण कंपनी तिथून गेली नाही. 2022 पासून मेमोरियलच्या नावापुढे तिचंच नाव लागतं. मधल्या काळात, फेब्रुवारी 2021 मध्ये, फ्लोरिडातल्या कन्सेशन या कोर्सवरही तिच्या नावाने एकदाच मोठी स्पर्धा झाली. तो कोर्सही निकलॉसच्याच हातचा (टोनी जॅकलिनच्या जोडीने केलेला), आणि जिंकला परत मोरिकावाच. आपल्याकडे एकदाच येणारा प्रायोजक राहील याचा भरवसा नाही. म्हणून तो देणार ते पैसे मंडपात आणि कमानींत जाण्याआधी मागून घ्या: ग्रीनसाठी एक चांगला रोलर, रिळाला धार लावायचं यंत्र, ओलाव्याचं मीटर, आणि दोन-तीन माळ्यांना चांगल्या कोर्सवर शिकायला पाठवायचा खर्च. त्या तिघांचा पगार वाढला पाहिजे हेही त्यात येऊ द्या, नाहीतर ते शिकून दुसरीकडे जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

आयोजक आले तर त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्यायला सांगा. ग्रीनचा वेग कोर्सचा सुपरिटेंडेंट (मैदान राखणाऱ्यांचा प्रमुख) ठरवेल, प्रायोजक नाही. गवताने पाणी मागितलं तर स्पर्धा चालू असतानाही हाताने पाणी दिलं जाईल. स्पर्धेनंतर कोर्स किमान चार दिवस बंद राहील आणि त्या दिवसांची बुडालेली ग्रीन फी आयोजक भरतील. आणि तयारीचे आठवडे धरून नेहमीच्या खेळाडूंचे किती दिवस जाणार, हे ऑक्टोबरच्या आधी फाटकावर लावलं जाईल, म्हणजे तुम्ही रविवारी पहाटे किट घेऊन येऊन परत जाणार नाही. यातलं एखादं कलम त्यांना जड वाटत असेल तर पहिलं सोडू नका. बाकीची तीन बोलून जुळवता येतील.